सपाट पायांचं घर

काही घरांत शुगरचे किस्से असतात, काही घरांत जमिनीच्या वाटणीचे. पाहुणे आले की चहाबरोबर तेच निघतात. आमच्या घरात तळपायांचे आहेत. आम्ही ते जमवायला गेलो नव्हतो. एक निघाला, त्याच्या मागं दुसरा आला, आणि आता अशी पाळी आली आहे की पाहुणा दारात चप्पल काढतो तेव्हा आमची सगळी माणसं खाली बघतात. त्याला वाटतं, आपल्या मोज्याला भोक पडलंय.

बहुतेक किश्श्यांमध्ये शहाणपणा करणारी मी आहे. हे आधीच सांगून टाकते.

*

सुरुवात बाथरूमबाहेरच्या फरशीवर झाली. माझी मुलगी यशोधरा, म्हणजे यशू, तेव्हा चार वर्षांची होती. आंघोळ अर्धवट सोडून ती ओल्या पायांनी पळाली आणि काळ्या शहाबादीवर तिची पावलं उमटली. माणसाच्या पावलाला मध्ये कमरेसारखी एक खाच असते. यशूच्या पावलाला ती नव्हतीच. टाचेपासून बोटांपर्यंत सगळं भरलेलं. छोटी छोटी थालीपीठं, आणि वर पाच ठिपके.

मी शेतकी पदवीधर आहे. नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये बियांची उगवण तपासते. एखादी गोष्ट बघून शंका घ्यायची, याचाच मला पगार मिळतो. मी तिथंच उभ्या उभ्या फोनवर ‘मुलांचे सपाट पाय’ शोधलं. तळव्यापासून निघाले, घोटा, गुडघा, कंबर करत मणक्यापर्यंत पोचले. मानेचं एक पान उघडत होतं तेव्हा भानावर आले आणि यशूच्या पप्पांना हाक मारली.

ते बदनापूरजवळच्या शाळेत मास्तर आहेत. त्यांची गाडीची वेळ झालेली. एका हातात डबा घेऊन आले.

“काय झालं?”

“यशूचे पाय बघा ना.”

त्यांनी फरशीकडं बघितलं. मीही बघितलं. फरशी कोरडी ठणठणीत होती.

“वाळले,” मी म्हटलं.

“बरं,” ते म्हणाले, आणि गेले.

*

माझा धाकटा भाऊ विकास पोलीस भरतीची तयारी करतो. त्याच्याआधी तो सैन्य भरतीला गेल्ता. धावण्यात पास झाला, उंचीत पास झाला, आणि मेडिकलला तळवे सपाट म्हणून घरी आला. तेव्हापासून त्याला माणसाचा चेहरा नंतर दिसतो.

रविवारी तो आला तेव्हा मी त्याला यशूचे पाय दाखवले. त्यानं तिला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. मागून वाकून टाचा बघितल्या, घोटे बघितले. मग सरळ झाला आणि म्हणाला, “ताई, आर्मी गेली.”

माझ्या सासूबाई, आई, स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. “कुठं गेली?”

विकासनं त्यांना समजावून सांगितलं. पोलिसातही अवघडच आहे, हेही सांगितलं.

“मंग बापासारखी मास्तरीण होईल,” आई म्हणाल्या.

“मास्तरला दिवसभर उभं राहावं लागतं, मावशी.”

“मंग बँकेत.”

अशा रीतीनं त्या दोघांनी चहा व्हायच्या आत यशूला लष्करातून, पोलिसातून आणि शाळेतून काढून बँकेत बसवलं. यशू पलंगाखाली मांजरीला बिस्कीट भरवत होती. मी म्हणणार होते की बँकेतही कॅशियरचं काउंटर दारापासून जरा लांब असतं. म्हणजे मीसुद्धा जागा बघायला लागले होते.

विकास निघाला तेव्हा आईंनी त्याच्या पायांकडं एकदा नीट बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

“म्हणजे तुमच्याकडून आलं हे,” त्या म्हणाल्या. रागानं नाही म्हणाल्या. भाजीत मीठ कमी आहे, असं सांगतात तसं.

*

आता लॅबबद्दल थोडं सांगावं लागेल. उगवण तपासताना आम्ही बी जाड, पाणी पिणाऱ्या कागदावर मांडतो, कागद ओला करतो, गुंडाळी करून ठेवतो, आणि ठरलेल्या दिवशी उघडून रोपं वेगळी करतो. नॉर्मल, अ‍ॅबनॉर्मल, मेलेली. गुंडाळीवर सगळं पेन्सिलीनं लिहायचं, कारण शाई ओलीत पसरते.

फरशीवरचे पाय वाळतात ही अडचण होतीच. मी लॅबमधले कडा फाटलेले, टाकून द्यायचे कागद घरी आणले. रविवारी यशूचा पाय पाण्यात बुडवायचा, कागदावर ठेवायचा, आणि ओल सुकायच्या आत कडेनं पेन्सिल फिरवायची. खाली नाव, डावा की उजवा, आणि तारीख. पहिल्यांदा मी कणकेची परात घेतली होती. त्याबद्दल आई जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. दुसऱ्या रविवारपासून प्लास्टिकचा टब वापरला.

पण नुसता एक नमुना बघून लॅबमध्ये कुणी काही ठरवत नाही. शेजारी तुलनेला चांगला नमुना लागतो. म्हणून मी घरातल्यांचे पाय मागितले.

आधी यशूचे पप्पा. पूर्ण थालीपीठ.

मग माझे सासरे, बाबा. ते पोस्टमन होते. पिंपळगाव रेणुकाई आणि आजूबाजूच्या वाड्यांना सगळी नोकरी त्यांनी टपाल वाटलं, बरंचसं पायी. त्यांच्या पायानं कागदावर कोराच भाग ठेवला नाही. त्यांनी वाकून बघितलं आणि विचारलं, “मंग? असाच तर असतो पाय.”

शेवटी आई. आईंचा पाय घरात सगळ्यात सपाट निघाला. इस्त्री ठेवल्यासारखा. दोरीवर चिमटे लावून मी चारही कागद वाळत घातले. आईंनी चष्मा लावून आपला कागद बराच वेळ बघितला.

“माझा पाय जरा जास्त वल्ला झाल्ता,” त्या म्हणाल्या.

माझा नमुना राहिला. टब धरायला आणि पेन्सिल फिरवायला कुणीतरी लागतं.

*

लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर नाझनीन बसते. तिची तीन मुलं माझ्या यशूपेक्षा मोठी आहेत, त्यामुळं माझ्या काळज्या तिच्या घरी आधीच येऊन गेलेल्या असतात. मी तिला यशूच्या कागदाचा फोटो दाखवला. ती तेव्हा कपाशीची गुंडाळी उघडून बसली होती. पहिली मोजणी. पहिल्या मोजणीला स्पष्ट नॉर्मल असतील तेवढी रोपं काढून घ्यायची. जी अजून कळत नाहीत, ती तशीच गुंडाळून परत ठेवायची, शेवटच्या मोजणीपर्यंत. हे मी नव्या मुलींना शिकवते.

नाझनीननं फोटो बघितला आणि विचारलं, “दौडती है?”

“हो.”

“गिरती है?”

“सगळी पोरं पडतात तेवढीच.”

“दुखता बोलती?”

“नाही.”

तिनं एक रोप चिमट्यानं उचललं, निरखलं, आणि पुन्हा कागदावर ठेवलं. “प्रज्ञा, पहले काउंट को ही अ‍ॅबनॉर्मल लिख देती क्या तू?”

ती बिलकुल बराबर बोलत होती. म्हणून मी त्या दिवशी डबा एकटीनं खाल्ला.

*

त्याच आठवड्यात मी बुटात घालायचे कमानीचे सोल ऑनलाइन मागवले. फोटोत एक गोबरा पाय होता, त्यामुळं मी माप बघितलं नाही. पार्सल उघडलं तर एका सोलवर यशूचे दोन्ही पाय मावले आणि वर मांजरीला जागा उरली.

परत पाठवायची मुदत मी विचार करण्यात घालवली. शेवटी यशूच्या पप्पांनी “वाया कशाला घालवायचे” म्हणून ते स्वतःच्या बुटात टाकले आणि शाळेत गेले.

लग्न झाल्यापासून मी बघते आहे, हा माणूस संध्याकाळी आला की पोटऱ्या दाबत बसतो. मी त्याला गाडीची गर्दी समजायचे, आई त्याला नोकरी समजायच्या, आणि बाबा त्याला आळस समजायचे. सोल टाकल्यापासून काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की पोटऱ्या दाबणं बंद झालंय. मी विचारलं. त्यांनीही मग विचार केला.

“हां,” ते म्हणाले. “दुखून न्हाई राह्यलं.”

म्हणजे घरात एक पेशंट होता. मी दुसऱ्यालाच धरून बसले होते. हे त्यांनाही त्याच क्षणी कळलं असावं, कारण ते माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, “अजून एक जोड मागव. चपलेत बसतो का बघू.”

*

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी वाचन असतं. आई एकही दिवस चुकवत नाहीत. एका रविवारी बाहेरून भंतेजी आले होते. बोलता बोलता त्यांनी जुन्या ग्रंथांतल्या महापुरुषाच्या बत्तीस लक्षणांचा विषय काढला, आणि त्यातलं पहिलंच असं सांगितलं की त्याचं पाऊल जमिनीवर सगळीकडून सारखं टेकतं.

आई त्या दिवशी विहारातली खीर न घेता घरी आल्या.

“यशूचं पहिलं लक्षण हाये,” त्यांनी दारातूनच सांगितलं.

बाबा पेपर वाचत होते. लक्षण, मुहूर्त, कुंडली असल्या शब्दांवर त्यांचा जुना राग आहे. “छप्पन साली माझ्या बापानं हे सगळं सोडलं,” ते म्हणाले, “ते तू नातीचे तळवे बघत बसावं म्हणून न्हाई.”

“मी कुठं मानून राह्यले? मी फक्त सांगून राह्यले.”

त्यांनी विहारातही फक्त सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी दुपारी पांढऱ्या साड्यांतल्या बायका चहाला म्हणून आल्या आणि यशूला मध्ये उभं करून तिचे पाय बघितले. मग एकीनं आपला पाय वर केला. माझाबी असाच हाय की, म्हणाली. दुसरीनं केला. थोड्या वेळानं ओसरीत सगळ्या बायका एकमेकींचे तळवे बघत होत्या, गुडघेदुखीचा विषय निघाला होता, आणि यशूकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

बाबा बाहेरून आले. चपला काढायला त्यांना जागा मिळेना. “किती महापुरुष झाले?” त्यांनी विचारलं.

“एकच लक्षण झालंय,” आई म्हणाल्या. “बाकीचे बघून राह्यलो.”

*

त्या संध्याकाळपासून यशूनं मोजे काढले नाहीत.

आधी मला वाटलं, खेळ आहे. मग ती मोजे घालून जेवली, मोजे घालून झोपली, आणि आंघोळीला नेताना दोन्ही हातांनी ते धरून बसली. बाहेर पाऊस नव्हता, जालन्याचा उकाडा होता. मी तिला शेजारी घेऊन विचारलं, काय झालं?

“माझे पाय बघायचे न्हाई.”

“का गं?”

“ते खराब हायेत.”

“कुणी सांगितलं?”

ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जशी मी मुद्दाम विचारते आहे. “तूच लिहितीस ना,” ती म्हणाली.

रविवारी मी कागद बाहेर काढले नाहीत. तरी ती सकाळपासून पलंगाखाली होती.

*

मग आम्ही हाडांच्या डॉक्टरकडं गेलो. हे आधीच करायला हवं होतं, पण आधी केलं असतं तर मला वाचायला काही उरलं नसतं. मी सगळ्या रविवारांची गुंडाळी रबर लावून नेली होती. डॉक्टरांनी ती बघितली, उघडली नाही, आणि टेबलाच्या कडेला सरकवली.

“मोजे काढ बेटा.”

यशूनं मान हलवली.

“राहू दे. घरी लाडू कुठं ठेवतात?”

“वर. फळीवर.”

“कसा काढतेस, दाखव.”

यशूनं टाचा उचलल्या. फरशी गुळगुळीत, मोजे घसरायला लागले. ती क्षणभर थांबली. लाडूचा प्रश्न असल्यामुळं असेल, पण तिनं खाली बसून स्वतःच दोन्ही मोजे काढले आणि पुन्हा चवड्यांवर उभी राहिली.

“हे बघा,” डॉक्टर मला म्हणाले.

तळव्याच्या आतल्या बाजूला कमान उभी राहिली होती. स्वच्छ, वळणदार. यशूनं टाचा टेकल्या, कमान गेली. टाचा उचलल्या, आली. मी हे तिला इतक्या वेळा करायला लावलं की डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली.

त्यांचं म्हणणं असं होतं. या वयात तळव्याला चरबीची गादी असते आणि सांधे ढिले असतात, म्हणून उभं राहिलं की कमान दबते. ती नसते असं नाही. बहुतेक मुलांची पुढच्या काही वर्षांत दिसायला लागते. काहींची मोठेपणीही दिसत नाही, आणि दुखत नसेल तर त्यांचं काही अडत नाही. खास बूट नको, पट्टे नको. माती-वाळूत अनवाणी खेळू द्या, चवड्यांवर चालवा, पायाच्या बोटांनी गोट्या उचलायला लावा. दुखायला लागलं, पाय कडक वाटला, चवड्यांवर उभं राहूनही कमान आली नाही, किंवा एकच पाय वेगळा दिसायला लागला, तर लगेच या. नाही तर वर्षानं आणा.

मग त्यांनी यशूला विचारलं, “तुला कुठं दुखतं का गं?”

“मला न्हाई,” यशू म्हणाली. “मम्मीला दुखतं.”

डॉक्टरांनी पेन उघडलं आणि माझ्याकडं बघितलं. “कुठं?”

मी खरंच विचार करायला लागले.

त्यांनी पेन बंद केलं आणि यशूकडं वाकले. “मम्मीला सांग, घाबरायचं न्हाई. मोठं झाल्यावर होतं बराबर.”

यशूनं मोजे परत घातले. ती जिना उतरेपर्यंत हे वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणत होती.

*

व्यायामाचं सांगते. गोट्या यशूसाठी आणल्या होत्या. पहिल्या दिवशी तिनं हात लावला नाही. पाय लावला नाही, असं म्हणायला पाहिजे. तिला दाखवावं म्हणून बाबा खुर्चीत बसून पायाच्या बोटांनी गोटी उचलायला लागले. त्यांना जमेना. आईंना जमली. मग बाबांनी पेपर बाजूला ठेवला.

आता आमच्याकडं सकाळी असं असतं: यशूचे पप्पा चवड्यांवर उभं राहून दाढी करतात, आई पायानं कपड्यांचे चिमटे उचलून बादलीत टाकतात, आणि बाबा कुणाचं लक्ष नाही असं बघून एक गोटी उचलतात. दूधवाला दारात उभा राहून हे बघतो. त्यानं अजून काही विचारलेलं नाही. विकासला आईंनी फोन करून सांगितलं की बँकेचं सध्या राहू दे.

यशू भिंतीला टेकून, मोजे घालून, सगळ्यांना शिकवायची. “आजोबा, टाच वर.” स्वतः मात्र एकदाही नाही.

*

एका रविवारी मी भाजी निवडत होते. यशू प्लास्टिकचा टब ओढत घेऊन आली. निम्मं पाणी वाटेत सांडलं होतं. काखेत लॅबचा कोरा कागद, कानावर पेन्सिल, माझ्यासारखी.

“आज काढायचं?” मी जरा जपूनच विचारलं.

“माझा न्हाई,” ती म्हणाली. “तुझा.”

मी खुर्चीवर बसले. तिनं माझा पाय दोन्ही हातांनी उचलून टबात घातला, बाहेर काढला, कागदावर ठेवला, आणि गुडघ्यावर जोर देऊन दाबला. मी नवीन मुलींना सांगते तसं, न हलवता. मग पाय उचलला.

टाच उमटली होती. चवडा उमटला होता. बोटं उमटली होती. मध्ये काहीच नव्हतं. बाहेरच्या कडेला दोऱ्याएवढी एक ओली रेघ, तीही अर्ध्यात तुटलेली.

यशू कागदाजवळ बसली. मग तिनं हाक मारली, “आजी, इकडं ये जल्दी.”

आई आल्या. चष्मा लावला. “अगं बाई,” म्हणाल्या. बाबा आले, त्यांनी कागद फिरवून दुसऱ्या बाजूनं बघितला. यशूचे पप्पा चवड्यांवरच आले. चौघांनी मिळून आधी कागदाकडं आणि मग माझ्या पायाकडं बघितलं. मी पाय साडीत ओढून घेतला.

यशूनं ते बघितलं. ती खाली बसली, एक मोजा काढला, दुसरा काढला, आणि टबात उभी राहिली. बाहेर येऊन माझ्या अर्ध्या पायाशेजारी तिनं आपला पाय ठेवला. उचलला. पूर्ण होता, कडेपासून कडेपर्यंत.

मग तिनं साडीतून माझा पाय बाहेर काढला आणि त्याच्यावरून ओला हात फिरवला.

“घाबरू नको मम्मी,” ती म्हणाली. “मोठी झाल्यावर होतं बराबर.”